सोया सॉसची बाटली उलटी करून वाचा: सीमाभागातल्या नव्या खरेदीदारांसाठी

घरात गोबी मंचुरी करायची ठरली की गल्लीतल्या किराणा दुकानातून एक काळी बाटली येते. शहापूर असो, खानापूर असो की निपाणी, दुकानदार हाताला लागेल ती बाटली देतो आणि आपणही न बघता पिशवीत टाकतो. घरी आल्यावर ती गॅसच्या शेगडीशेजारी वर्षभर उभी राहते. या सवयीत तीन चुका आहेत: न वाचता घेणं, गरजेपेक्षा मोठी घेणं आणि शेगडीजवळ ठेवणं. तिन्ही टाळणं सोपं आहे. दुकानात दोन मिनिटं आणि घरी एक पांढरी बशी एवढंच लागतं.

बाटलीत नेमकं काय असतं

‘सोया सॉस’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ विकले जातात.

पहिला आंबवलेला. सोयाबीन भिजवून वाफवतात, गहू भाजून भरडतात, दोन्ही एकत्र करून त्यावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात. तिचं शास्त्रीय नाव ॲस्परजिलस ओरायझी. उबदार, दमट खोलीत दोन-तीन दिवसांत सगळ्या दाण्यांवर ती पसरते. मग हे मिश्रण मिठाच्या पाण्यात घालून महिनोन्‌महिने मुरू देतात, साधारण सहा महिने, कधी त्याहून जास्त. या काळात बुरशीची विकरं सोयाबीनमधल्या प्रथिनांचे तुकडे करतात, त्यातून चव येते. गव्हाच्या पिठूळपणाची साखर होते. यीस्ट त्यातल्या थोड्या साखरेचं अल्कोहोल करतं, त्यातून वास येतो. शेवटी कापडातून दाबून रस काढतात, तापवतात आणि बाटलीत भरतात. तांबूस रंग या प्रक्रियेतच येतो, वरून घालावा लागत नाही.

दुसरा आम्लाने केलेला. तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात तासन्‌तास उकळतात. जे काम बुरशी महिन्यांत करते ते आम्ल एका दिवसात करतं. नंतर सोडा घालून आम्ल मारतात, त्यातून मीठ तयार होतं. वास आणि रंग जवळजवळ नसतोच, म्हणून कॅरमलचा रंग, साखर किंवा सिरप आणि चव वाढवणारे पदार्थ घालतात. दोन-तीन दिवसांत माल तयार. पेंडीत उरलेल्या तेलाच्या अंशावर तापलेल्या आम्लाची क्रिया होऊन ३-एमसीपीडी नावाचा नको असलेला पदार्थ तयार होऊ शकतो. त्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने आम्लाने केलेलं प्रथिन असलेल्या द्रव मसाल्यांना किलोमागे ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. काळजीपूर्वक चालवलेल्या कारखान्यात हे प्रमाण खाली ठेवता येतं, म्हणून प्रत्येक स्वस्त बाटली विषारी आहे असं कुणी सांगितलं तर ते मानू नका. पण चवीत मात्र फार मोठा फरक राहतो, आणि तो लपत नाही.

पेंड वापरली म्हणून सॉस वाईट, असंही नाही. आंबवलेले कितीतरी सॉस तेल काढलेल्या सोयाबीनचेच असतात. बेळगाव आणि बिदर हे कर्नाटकातले सोयाबीनचे मोठे जिल्हे, त्यामुळे पेंड म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. बघायचं ते एवढंच की त्या पेंडीचं पुढे काय केलं, आंबवली की आम्लात शिजवली.

पायरी १: कशासाठी हवाय ते आधी ठरवा

दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारा, महिन्यातून किती वेळा लागणार? चार माणसांच्या घरात महिन्यातून दोनदा फ्राइड राइस किंवा मंचुरी होत असेल तर ६० ते ८० मिलीपेक्षा जास्त संपत नाही. म्हणजे २०० मिलीच्या आसपासची बाटली पुरे. एमआरपीजवळ आता दर मिलीची किंमतही छापलेली असते. ती बघून ७५० मिलीची बाटली स्वस्त वाटते खरी, पण अर्धी बाटली शिळी होऊन ओतून देणार असाल तर तो हिशेब उलटा पडतो.

दुसरं, चवीसाठी हवाय की रंगासाठी? ‘लाइट’ सोया सॉस पातळ, जास्त खारट आणि चवदार असतो. ‘डार्क’ सोया सॉस दाट, काळा आणि किंचित गोडसर असतो. तो नूडल्सना रंग यावा म्हणून, तोही अर्धा-एक चहाचा चमचाच घालायचा. नव्याने शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘लाइट’ म्हणजे कमी मिठाचा असं समजून बीपीवाल्या माणसासाठी तो आणला जातो, प्रत्यक्षात त्यात मीठ डार्कइतकंच किंवा जास्त असतं. मीठ कमी हवं असेल तर ‘लेस सॉल्ट’ किंवा ‘लो सोडियम’ असं स्पष्ट लिहिलेली बाटली शोधा, आणि तिच्या घटकांत पोटॅशियम क्लोराइड (क्रमांक ५०८) आहे का तेही बघा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बाटली वापरू नये.

एकच बाटली घ्यायची असेल तर आंबवलेला साधा सोया सॉस घ्या. रंग थोडा फिका येईल, चव भरपूर मिळेल.

पायरी २: बाटली फिरवा आणि घटकांची यादी वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढच्या बाजूला ड्रॅगन, चिनी टोपी आणि लाल-पिवळी अक्षरं असतात, त्यातून काही कळत नाही. मागच्या बाजूची बारीक अक्षरातली यादी खरी. आपल्याकडे येणाऱ्या बाटल्यांवर ती बहुतेक इंग्रजीत असते, कधी हिंदी किंवा कन्नड जोडीला असते, मराठी क्वचितच. इंग्रजी नीट येत नसेल तर पाच-सहा शब्दांचा आवाज लक्षात ठेवा, मुलाला किंवा दुकानदाराला वाचायला सांगा: “काका, मागचं लेबल बघू दे की जरा. यात ‘ब्रूड’ लिहिलंय का हो?”

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, जे जास्त ते आधी. हा नियम कळला की अर्धं काम झालं. तीन बाटल्या डोळ्यांसमोर आणा.

पहिलीवर लिहिलंय: पाणी, सोयाबीन, गहू, मीठ. बस. जपानच्या किक्कोमनच्या साध्या सोया सॉसवर हेच चार घटक असतात. कुठल्याही कंपनीच्या बाटलीवर यादी एवढी छोटी असेल आणि ‘नॅचरली ब्रूड’ किंवा ‘फर्मेंटेड’ असे शब्द असतील, तर तो आंबवलेला समजा. कधी शेवटी अल्कोहोल किंवा एखादा संरक्षक असतो, त्याने काही बिघडत नाही.

दुसरीवर: पाणी, मीठ, साखर, रंग १५०डी, सोयाबीन, गहू, आम्लता नियंत्रक २६०, संरक्षक २११. ही मधली जात. सोयाबीन रंगाच्याही मागे गेलंय, म्हणजे थोडा आंबवलेला रस पाणी, मीठ आणि रंग घालून वाढवलाय. किराणा दुकानात हीच जात तुम्हाला सगळ्यात जास्त दिसेल. लसूण, मिरची, व्हिनेगर भरपूर असलेल्या गोबी मंचुरीत ती चालून जाते. साध्या फ्राइड राइसमध्ये किंवा मोमोसोबत कच्ची खायची असेल तर ती उघडी पडते.

तिसरीवर: पाणी, मीठ, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन, रंग १५०डी किंवा १५०सी, साखर, चव वाढवणारे ६२१, ६२७, ६३१, संरक्षक २११. ‘हायड्रोलाइज्ड’ हा शब्द दिसला की ती आम्लाची बाटली. पैसे वाचवायचे असतील तर निदान दुसरीपर्यंत या, तिसरीवर थांबू नका.

क्रमांकांबद्दल थोडं. १५० म्हणजे कॅरमल रंग, पुढचं अक्षर बनवण्याची पद्धत सांगतं. २११ सोडियम बेंझोएट आणि २०२ पोटॅशियम सॉर्बेट हे संरक्षक. २६० म्हणजे ॲसिटिक आम्ल, व्हिनेगरमधलंच. ४१५ झँथन गम, दाटपणासाठी. ६२१ म्हणजे अजिनोमोटो या नावाने आपण ओळखतो ते एमएसजी. ‘नो एमएसजी’ लिहिलेलं असून यादीत हायड्रोलाइज्ड प्रोटीन असेल तर त्या दाव्याला फारसा अर्थ नाही, कारण ग्लुटामेट, म्हणजे एमएसजीतला चव देणारा भाग, त्या प्रोटीनमधूनच येतं. चांगल्या आंबवलेल्या सॉसमध्येही ते नैसर्गिकरीत्या असतं, त्याच्या मुरलेल्या चवीचं कारणच ते आहे. म्हणून ६२१ बघून घाबरू नका. फक्त एवढं ओळखा की चव मुरवण्यातून येण्याऐवजी वरून घातली आहे.

दोन गोष्टी घरातल्या माणसांसाठी. बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असलेल्यांनी यादीखालची ॲलर्जीची सूचना वाचल्याशिवाय घेऊ नये. आणि आंबवलेल्या सॉसमध्ये आंबण्यातूनच थोडं अल्कोहोल येतं, साधारण दोन टक्क्यांच्या आसपास. शिजवताना त्यातलं बरंचसं उडतं, पण माळकरी घरात हे आधी सांगून ठेवलेलं बरं. नंतर कळून मन खट्टू होण्यापेक्षा ते चांगलं.

पायरी ३: पोषणाच्या चौकटीतला एक आकडा

यादीखालीच दर १०० मिलीमागे प्रोटीन, कार्बोहायड्रेट, सोडियम यांची चौकट असते. तिथे प्रोटीन बघा. जपानी मानकात नेहमीच्या ‘कोइकुची’ सोया सॉसच्या ‘तोक्क्यू’ म्हणजे वरच्या दर्जासाठी एकूण नायट्रोजन निदान १.५ टक्के लागतो. प्रथिनांच्या भाषेत हे १०० मिलीला नऊ ग्रॅमच्या आसपास जातं. तेव्हा ८ ते १० ग्रॅम दिसलं तर उत्तम, ४-५ दिसलं तर मध्यम, एक-दीड ग्रॅम दिसलं तर ते रंगीत मिठाचं पाणी. प्रोटीन कमी आणि कार्बोहायड्रेट पंचवीस-तीस असेल तर पैसे साखरेचे देताय.

हा आकडा एकटा धरू नका, कारण आम्लाच्या सॉसमध्येही प्रोटीन कागदावर बरं दिसू शकतं. आधी यादी, मग आकडा.

चिनी बाटली हातात आली, गोव्याहून किंवा मोठ्या सुपरमार्केटमधून, तर तिच्यावर बहुधा ‘अमिनो ॲसिड नायट्रोजन’, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या तुकड्यांतला नायट्रोजन, लिहिलेला असतो. चिनी मानकात १०० मिलीला ०.८ ग्रॅम किंवा जास्त म्हणजे विशेष दर्जा, ०.७ पहिला, ०.५५ दुसरा, ०.४ तिसरा.

पायरी ४: सील, तारीख, परवाना

यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. झाकणाखालचं सील अखंड हवं, गळ्याशी चिकट ओघळ नको. शक्यतो काचेची बाटली घ्या, प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू आत जाते आणि सॉस काळवंडतो. तारखेत पॅकिंगला सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर शेजारची बाटली मागा. उन्हात ठेवलेल्या शोकेसमधली नको.

एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक १४ आकडी असतो. ११२ने सुरू होणारा कर्नाटकातला, ११५ने सुरू होणारा महाराष्ट्रातला, १०० म्हणजे केंद्राचा. सीमेवरच्या बाजारात कोल्हापूर-सांगलीचा आणि बेंगळुरूचा, दोन्हीकडचा माल येतो, त्यामुळे हे ओळखता आलं तर बरं. क्रमांक चौदापेक्षा कमी आकड्यांचा असेल किंवा नसेलच, तर बाटली परत ठेवा. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सरकारी ॲपवर क्रमांक टाकून तपासता येतो, तिथेच तक्रारही करता येते.

शाकाहारी घरात चौकोनातला हिरवा ठिपका बघा. ऑयस्टर सॉस आणि फिश सॉसवर तपकिरी त्रिकोण असतो. वूस्टर सॉस मात्र फसवतो. मूळ कृतीत लहान मासे असतात, काही कंपन्या त्याशिवायही करतात, म्हणून तिथे खूण बघितलीच पाहिजे.

बेळगावच्या रविवार पेठेत पाच लिटरचे कॅन मिळतात, ते गाडेवाल्यांसाठी. त्यातून सुटा सॉस बाटलीत भरून कुणी देत असेल तर घेऊ नका. कॅन कधी उघडला, बाटली कशात धुतली, हे कळायला मार्ग नाही.

पायरी ५: घरी पांढऱ्या बशीवर

नवी बाटली आणल्यावर ही परीक्षा एकदा करून बघा. दिवसा, खिडकीजवळ. जुनी बाटली असेल तर दोन्ही शेजारी ठेवा, तुलनेतून फार लवकर शिकता येतं.

पांढऱ्या बशीत एक चहाचा चमचा सॉस ओता आणि बशी तिरकी करा. नजर मधल्या काळ्या डागावर ठेवू नका, कडेला बघा, जिथे थर पातळ होतो. आंबवलेला सॉस तिथे तांबूस दिसतो, दूध न घातलेल्या चहासारखा, आणि आरपार स्वच्छ. बशी सरळ केली की तो पाण्यासारखा परत खाली येतो, मागे पातळ तांबडी झाक राहते. कॅरमलवर उभा केलेला सॉस कडेलाही काळपट-तपकिरी असतो आणि पाकासारखा चिकटून हळू उतरतो. डार्क सोया सॉस मात्र चांगल्या प्रतीचा असला तरी असाच दिसणार, त्याला ही कसोटी लावू नका.

आता बशी नाकाशी न्या. भाजलेला गहू, किंचित फळ, किंचित दारू असा एकत्र वास आला तर बाटली चांगली. नाकात फक्त आंबट झिणझिण्या आल्या, किंवा पाकिटातल्या सूपच्या पावडरीसारखा वास आला, तर समजून जा.

मग अर्धा कप गरम पाण्यात एक चहाचा चमचा सॉस ढवळा आणि घोट घ्या. या परीक्षेत लबाडी टिकत नाही. आंबवलेल्या सॉसचं पाणी हलक्या सारासारखं लागतं, खारटपणा आधी येतो आणि मग जिभेवर मुरलेली चव बराच वेळ राहते. दुसऱ्याचं पाणी म्हणजे रंगीत खारट पाणी, मागे कधी कडवट तर कधी धातूसारखी चव.

बाटली हलवून फेस बघा असंही सांगितलं जातं. आंबवलेल्यात बारीक फेस येतो आणि टिकतो हे खरं, पण झँथन गम घातलेल्यातही तो टिकतो. त्यावर भरवसा ठेवू नका.

व्हिनेगर

सोया सॉसनंतर ज्या बाटलीत सगळ्यात जास्त फरक असतो ती ही. कायद्याने व्हिनेगरचे दोन प्रकार: ‘ब्रूड’ म्हणजे ऊस, फळ किंवा धान्य आंबवून केलेलं, आणि ‘सिंथेटिक’ म्हणजे ॲसिटिक आम्लात पाणी घालून केलेलं. दुसऱ्यावर ‘सिंथेटिक’ हा शब्द छापणं बंधनकारक आहे, म्हणून इथे ओळखणं सोपं. दोन्हींत आम्लता निदान ३.७५ टक्के असावी लागते. सिंथेटिक नाकात घुसतं आणि पदार्थात नुसती आंबट धार देतं, ब्रूडला गोलाई असते. स्वयंपाकाला ब्रूड आणा. सिंथेटिक नळाचे पांढरे डाग काढायला ठेवा, त्या कामात ते उत्तम आहे.

चोर्ला घाटातून गोव्याला जाणं-येणं असेल तर तिथलं माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर एक बाटली आणाच. आपल्या भागातल्या लोकांना ते इतकं हाताशी आहे आणि तरी फार कमी घरांत दिसतं, याची खंत वाटते. मंचुरीला ते नेहमीच्या व्हिनेगरपेक्षा थोडं कमी घाला, वास जास्त असतो.

तीव्र ॲसिटिक आम्ल ‘घरी पाणी घालून वापरा’ म्हणून कुणी देत असेल तर ते घरात आणू नका. ते कातडी आणि डोळे भाजतं, आणि लहान मुलांना ते पाण्यासारखं दिसतं.

मिरचीचा सॉस आणि रंगाची गोष्ट

लाल चिली सॉसच्या यादीत मिरची कितव्या जागी आहे ते बघा. पाणी, साखर, स्टार्च, मीठ आणि मग मिरची असेल तर ती दाट केलेली गोड पेज आहे. रंगांचे क्रमांक १०२, ११०, १२२, १२४ दिसले तर लाली मिरचीची नाही. हिरव्या सॉसमध्ये १०२ आणि १३३ ही जोडी असते.

मार्च २०२४मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरी आणि कॉटन कँडीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्याआधी तपासलेल्या गोबी मंचुरीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. गाड्यावरची मंचुरी लालभडक नसेल तर ती बेचव असं समजणं आता सोडायला हवं, आणि घरीही तो भडक रंग मिळवण्याच्या मागे लागू नये.

रंगच हवा असेल तर ब्याडगी आपल्या दाराशी आहे. १०० ग्रॅम ब्याडगी मिरची देठं आणि थोड्या बिया काढून कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवा. तिखटासाठी आठ-दहा संकेश्वरी मिरच्या त्यातच टाका. १०-१२ लसूण पाकळ्या, २० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम साखर आणि १५० मिली ब्रूड व्हिनेगर घालून अगदी बारीक वाटा, गाळणीतून दाबून काढा, आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवा. उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकतो. सॉस फुटून पाणी वर आलं तर शिजवणं कमी पडलं. वर बुरशी आली तर बाटली ओली होती, सगळा टाकून द्या, वरचं काढून खाली वापरू नका.

केचप

थोडक्यात सांगायचं तर ‘टोमॅटो केचप’ किंवा ‘टोमॅटो सॉस’ हे पूर्ण नाव शोधा. त्यात मीठ वगळून विद्राव्य घन पदार्थ निदान २५ टक्के असावे लागतात. नुसतं ‘सॉस’ किंवा ‘स्नॅक सॉस’ लिहिलेल्यात भोपळा, स्टार्च काहीही असू शकतं. यादीत टोमॅटो पेस्ट साखरेच्या आधी आली तर चांगलं. स्टार्चचा संशय असेल तर चमचाभर केचपवर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. लेबलवर तो लिहिलेला असेल तर बेकायदा काही नाही, लिहिलेला नसेल तर आहे. तपासलेलं केचप खायचं नाही.

वापरताना कुठे चुकतं

आंबवलेल्या सोया सॉसमध्ये मीठ १६-१७ टक्क्यांच्या घरात असतं. म्हणजे एका चहाच्या चमच्यात, ५ मिलीत, साधारण ०.८ ग्रॅम मीठ, आणि एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एक मोठा चमचा सॉस म्हणजे त्यातला अर्धा वाटा झाला.

अर्धा किलो फ्लॉवरच्या मंचुरीला दीड मोठा चमचा सोया सॉस, दोन मोठे चमचे चिली सॉस आणि एक चहाचा चमचा व्हिनेगर पुरतं. दोन वाट्या तांदळाच्या फ्राइड राइसला दीड मोठा चमचा सॉस. वरून मीठ घालायचं ते शेवटी, चव बघूनच. आधी सवयीने भातात मीठ, मग सॉस, मग चिली सॉसमधलं मीठ, अशी तिहेरी भर पडली की तो भात कुणालाच खाववत नाही.

सॉस भाज्या परतून झाल्यावर, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. तिथे तो क्षणभर चरचरतो आणि वास खुलतो. रिकाम्या तापलेल्या कढईत आधीच ओतला तर पाणी उडतं, साखर जळते आणि कडवटपणा येतो. आणि रंग आला नाही म्हणून सॉस ओतत राहू नका, रंगासाठी अर्धा चमचा डार्क घाला.

ठेवण कशी

उघडल्यावर आंबवलेला सोया सॉस फ्रिजमध्ये ठेवा. हवा लागली की महिन्याभरात त्याचा तांबूसपणा जाऊन तो काळवंडतो आणि वास बसतो. खराब होत नाही, पण पैसे ज्यासाठी दिले तेच निघून जातं. दोन-तीन महिन्यांत संपवा. झाकणावर पेनाने उघडल्याची तारीख लिहा. बाटलीचं तोंड दर वेळी कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर मिठाचे खडे जमून झाकण नीट बसत नाही.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते, तिथे केचप आणि घरचा चिली सॉस बाहेर ठेवायचाच नाही. अथणी-गोकाकच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बंद बाटलीसुद्धा माळ्यावर न ठेवता खालच्या कपाटात, अंधारात ठेवा.

सोया सॉसवर पांढरा पापुद्रा आला तर ते मीठ सहन करणारं यीस्ट आहे, चव गेलेली असते, ओतून द्या. तळाशी बारीक पांढरे खडे दिसले, ते कडक असतील आणि वर तरंगत नसतील, तर ते मिठाचे किंवा प्रथिनातून सुटलेल्या टायरोसिनचे स्फटिक असतात. त्यासाठी बाटली टाकायची गरज नाही, गाळून घ्या. न उघडलेल्या बाटलीचं झाकण फुगलेलं असेल किंवा उघडताना जोराने वायू सुटला, तर चव न बघता बिलासकट दुकानात परत न्या.